मीठ कुठे शिरतं: गॅल्व्हस्टनच्या खाडीसाठी परवडणारं फ्लाय रीळ निवडण्याचं एक प्रकरण

माझी भाची टेक्सासच्या आखाती किनाऱ्यावर, गॅल्व्हस्टन बेटावर राहते. तिथल्या रुग्णालयात तिची रेसिडेन्सी चालू आहे. ड्यूटीच्या पाळ्या कशाही लागतात. एखादी सकाळ मोकळी मिळाली की ती कयाक गाडीच्या टपावर बांधते आणि बेटाच्या मागच्या अंगाला, वेस्ट बेच्या उथळ पाण्यात रेडफिश नावाच्या माशाच्या मागे जाते. फ्लाय रॉड चालवायला ती आधीच शिकली होती, पण गोड्या पाण्यात: ग्वाडालूप नदीवर, कॅन्यन धरणाच्या खाली, हिवाळ्यात सोडलेल्या रेनबो ट्राउटवर. तो रॉड ५ नंबरचा आणि रीळही (दोरी गुंडाळायची चकरी) त्याच मापाचं. खाडीतल्या वाऱ्याला आणि रेडफिशच्या ताकदीला ते अपुरं पडतं. तिच्या एका सीनियर डॉक्टरने गाव सोडताना आपला ८ नंबरचा रॉड तिला देऊन टाकला. सोबत रीळ नव्हतं.

तिचा फोन आला. "मामा, रीळ, लाइन, बॅकिंग सगळं धरून तीनशे डॉलर. वर एक पैसा नाही. आणि असं रीळ बघ की मला ते उघडून तेलपाणी करत बसावं लागणार नाही." लाइन म्हणजे मुख्य दोरी, आणि बॅकिंग म्हणजे तिच्या मागे जोडलेली राखीव दोरी.

मी उभी हयात टूलरूममध्ये काढली, आधी पिंपरीला आणि नंतर ह्यूस्टनला. त्यामुळे घरात कुणालाही फिरणारी, घासणारी वस्तू घ्यायची असली की विचारणा माझ्याकडे होते. या निवडीत सुरुवातीपासून माझं म्हणणं एकच होतं. या खाडीत, या माशासाठी रिळाचा खरा शत्रू मीठ आहे. मासा त्या मानाने सोपा. दुकानातली पाटी मात्र माशाबद्दलच बोलते: एवढे पौंड ड्रॅग (रिळातल्या ब्रेकची पकड), तेवढी ताकद. स्वस्तातलं रीळ घेणारा माणूस तिथेच चुकीच्या गोष्टीला पैसे मोजतो.

माशाची ओढ किती

ज्यांनी फ्लाय फिशिंग पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साध्या गळाला शिसं असतं आणि त्याच्या वजनाने दोरी लांब जाते. फ्लाय म्हणजे पिसं आणि केस बांधलेला गळ, जवळजवळ बिनवजनाचा. म्हणून वजन लाइनमध्येच असतं. ८ नंबरची लाइन म्हणजे जिच्या पहिल्या ३० फुटांचं वजन २१० ग्रेन, साधारण साडेतेरा ग्रॅम. रीळ रचनेने अगदी साधं: गिअर नाहीत, हँडलचा एक फेरा म्हणजे स्पूलचा, लाइन गुंडाळलेल्या चाकाचा, एक फेरा. ट्राउटच्या नदीवर ते बहुतेक वेळ लाइन ठेवायची जागा म्हणूनच कामाला येतं. खाऱ्या पाण्यात चित्र बदलतं. मासा लाइन घेऊन पळतो आणि त्याला आवरायचं काम आतल्या ब्रेकचं, म्हणजे ड्रॅगचं असतं.

रेडफिश आपल्या घोळीच्या कुळातला. दोघेही सायनिडी कुटुंबातले, पोटातल्या फुग्यावरचे स्नायू थरथरवून ढोलासारखा आवाज काढणारे. रेडफिशच्या शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका असतो, आणि उथळ पाण्यात खेकडे हुंगताना तो डोकं खाली करतो तेव्हा तीच शेपटी पाण्याबाहेर दिसते. टेक्सासमध्ये २० ते २८ इंच लांबीचाच रेडफिश ठेवता येतो, दिवसाला तीन. त्याहून मोठ्यासाठी लायसन्ससोबत वेगळा टॅग येतो. २८ इंची मासा भरतो साधारण साडेतीन किलो.

पाणी गुडघाभर असल्याने त्याला खोल बुडी मारायला जागाच नसते. गॅल्व्हस्टनला भरती-ओहोटीचा फरक फूट-दीड फुटाचा. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढताना पाहिलेल्या माणसाला तो भरती वाटतच नाही. इथे पाण्याची पातळी चंद्राइतकीच वाराही ठरवतो. अशा सपाट पाण्यात मासा आडवा पळतो, वीस-तीस मीटर, क्वचित त्याहून लांब, आणि मग डोकं झटकत गोल फिरत राहतो. बहामाच्या बोनफिशसारखा शंभर मीटरचा सुसाट पल्ला तो मारत नाही. मोठे बुल रेडफिश शरद ऋतूत समुद्राकडच्या बाजूला येतात, पण भाची कयाकवरून त्यांच्या वाटेला जात नाही. हे तिला स्पष्ट विचारून घेतलं, कारण उत्तर वेगळं आलं असतं तर रीळही वेगळं लागलं असतं.

आता हिशेब. लीडर म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्यामधली बारीक दोरी. तिच्या लीडरचा सगळ्यात बारीक तुकडा, टिपेट, १६ पौंडांचा, म्हणजे सव्वासात किलोला तुटणारा. रिवाज असा की ड्रॅग या ताकदीच्या चौथ्या हिश्श्यावर लावायचा: ४ पौंड, १.८ किलो. यापेक्षा जास्त का नाही, याचं कारण स्पूलमध्ये आहे. ब्रेकची पकड तीच राहते, पण लाइन बाहेर गेली की स्पूलवरच्या गुंडाळीचा व्यास कमी होतो आणि तीच पकड मोडायला जास्त ओढ लागते. भरलेल्या स्पूलवर लाइन आसापासून ४.५ सेंटिमीटरवर असेल आणि बॅकिंग सुरू होईपर्यंत ती ३.४ वर आली, तर १.८ किलोचे आपोआप २.४ होतात. बाहेर पडलेली लाइन पाण्यातून खेचली जाते त्याचा भार वेगळा. आणि ८ नंबरचा रॉड वाकवून धरून माशावर दोन-अडीच किलोच्या पुढे ओढ लावणं हाताला जडच जातं. ज्याला शंका असेल त्याने स्प्रिंगकाट्याला लाइन बांधून करून पाहावं.

म्हणजे पाटीवर वीस पौंड ड्रॅग लिहिलेलं असलं तरी भाचीला त्यातले चारच लागणार. उरलेल्या सोळांचे पैसे कशाला द्यायचे?

ड्रॅगमध्ये एक गोष्ट मात्र खरंच महत्त्वाची: तो सुटतो कसा. थांबलेली चकती फिरायला लागते त्या क्षणी आधी चिकटून मग झटक्याने सुटत असेल, तर १.८ वर लावलेला ड्रॅग पहिल्या धक्क्याला तीन-साडेतीन किलो ताण देतो. नेमक्या त्याच क्षणी मासा पूर्ण जोमात असतो. लीडर तुटतात ते बहुतेक तिथे.

मिठाचं काम

कयाकमध्ये बसलेल्या माणसाचं रीळ पाण्यापासून वीतभर उंचीवर असतं. वल्ह्याचं पाणी त्यावर पडतं. मासा जवळ आला की रॉड आडवा होतो आणि रीळ सरळ बुडतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. खाडीत नद्यांचं पाणी मिसळतं म्हणून आकडा वरखाली होतो, पण रिळाच्या दृष्टीने फरक नाही. पाणी सुकतं आणि मीठ राहतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते हवेतली ओल ओढतं. गॅल्व्हस्टनच्या दमट हवेत कपाटात ठेवलेलं रीळही आतून ओलसरच राहतं.

हे काय करतं ते भाचीच्या ओळखीतल्या एकाच्या रिळात आम्हाला बघायला मिळालं. ऑनलाइन घेतलेलं, साठेक डॉलरचं, दिसायला देखणं, पूर्ण मशिनकाम केलेलं. वर्षभर खाडीत वापरून ड्रॅग 'घसरायला लागला' म्हणून त्याने बाजूला टाकलं होतं. मी ते माझ्या बाकावर उघडलं. फ्रेमला रिळाचा पाय धरणारे दोन स्टेनलेस स्क्रू होते, त्यांच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी जमलेली. अ‍ॅल्युमिनियम आणि स्टेनलेस एकमेकांना टेकलेले, मध्ये खारं पाणी, की झाली बॅटरी तयार. तीत झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. रंगाखालचा अ‍ॅनोडायझिंगचा थर अखंड असेल तोवर तो वाचवतो. आटे पाडताना तो खरवडला गेला की तिथून सुरुवात होते.

खरं दुखणं आत होतं. फ्लाय रिळात एक एकेरी बेअरिंग असतं, सुईसारख्या बारीक रोलरचं. हँडल आपल्याकडे फिरवताना ते मोकळं फिरतं. मासा लाइन ओढतो तेव्हा ते आसाला धरतं आणि ड्रॅगच्या चकत्यांना कामाला लावतं. या रिळात ते उघड्यावर होतं, झाकण म्हणून एक पातळ वॉशर. ग्रीस तपकिरी झालेलं. टोकदार चिमट्याने एक रोलर काढून भिंगाखाली धरला तर त्याच्या अंगावर गंजाचे खड्डे होते, मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान, पण बोटाला खरखरीत लागणारे. असा रोलर आसाला पकडत नाही, कधी पकडतो आणि कधी घसरतो. ड्रॅगच्या चकत्या मात्र धडधाकट होत्या. म्हणजे जाहिरातीत ज्याची ताकद मोठ्या अक्षरात छापलेली, तो भाग शाबूत आणि ज्याचं नावही कुणी घेत नाही तो पाच-सहा डॉलरचा सुटा भाग मेलेला.

भाचीने ते पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे मला या बेअरिंगचं काय ते विचारायचं." अगदी तेच.

समोर आलेली चार रिळं

पहिला पर्याय वरच्यासारखाच, साठ-सत्तर डॉलरचं मशिनकामाचं ऑनलाइन रीळ. ते बाकावरच निकालात निघालं होतं. गोड्या पाण्यात अशी रिळं चांगली चालतात आणि ५ नंबरच्या रॉडसाठी मी कुणालाही अडवणार नाही.

दुसरा पर्याय तिच्या ग्वाडालूपवरच्या मित्रांनी सुचवलेला, रेडिंग्टनचं बेहेमथ. डाय-कास्ट (साच्यात दाबाने ओतलेली) बांधणी, कार्बन फायबरचा ड्रॅग, किमतीच्या मानाने दणकट ताकद. दुकानात हातात घेऊन लाइन ओढून पाहिली, ड्रॅग अडखळला नाही. जाड, भरीव रीळ आहे. ज्याला १० नंबरच्या रॉडवर स्वस्तात जोर हवा आहे त्याने ते जरूर बघावं. भाचीचा प्रश्न जोराचा नव्हता. शिवाय तिला मिळालेला रॉड हलका, नव्या धाटणीचा. जड रीळ लावलं की तोल मुठीच्या मागे जातो आणि तासभर कास्टिंग, म्हणजे लाइन फेकणं, केल्यावर मनगटाला कळतं.

तिसरा पर्याय मला मोहात पाडणारा होता: वापरलेलं, जुन्या पद्धतीचं, अखंड अ‍ॅल्युमिनियममधून कोरलेलं, कॉर्कच्या ड्रॅगचं रीळ. फ्लोरिडाची टिबोर रिळं या पद्धतीची नावाजलेली. ती रिळं घडवणारे टेड जुरासिक मूळचे हंगेरीचे, पेशाने टूल-अँड-डाय कारागीर. टिबोर हे त्यांचंच हंगेरियन नाव. त्यांच्या रिळाची फ्रेम हातात घेतली की टूलरूमच्या माणसाला कारागीर ओळखू येतो. कॉर्कची मोठी चकती थेट स्पूलला घासते, सुटते लोण्यासारखी, आणि सगळं उघडं असल्याने पाच मिनिटांत पुसून, कॉर्कला नीट्सफूट तेलाचं बोट लावून पुन्हा नवं होतं. अशी रिळं वीस-वीस वर्षं चालतात. पण दोन अडचणी. वापरलेल्याची किंमतही तिच्या सगळ्या तीनशेच्या पुढे जात होती. आणि ते तेलाचं बोट. ते लावणारा माणूस पाहिजे. रात्रपाळी करून आलेली मुलगी सकाळी खाडीत जाऊन, परत येऊन, झोपायच्या आधी कॉर्क पुसत बसणार नाही, आणि तिने बसावं अशी माझी अपेक्षाही नाही. जगातलं उत्तम रीळ तिच्यासाठी गैरसोयीचं ठरत होतं.

चौथा पर्याय लॅमसनचं लिक्विड. या कंपनीची ओळख म्हणजे सीलबंद शंकूच्या आकाराचा ड्रॅग. एका शंकूत दुसरा शंकू बसतो. घासणारा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे थोड्या दाबात पुरेशी पकड मिळते आणि सुटताना झटका कमी बसतो. माझ्यासाठी मुद्दा पुढचा होता: शंकू आणि एकेरी बेअरिंग दोन्ही एकाच नळकांड्यात, रबरी रिंगांच्या आड. लिक्विड हे त्यातलं स्वस्त मॉडेल. फ्रेम दाबाने ओतलेली, महागड्या भावंडांसारखी अखंड कोरलेली नव्हे. कंपनी पैसे वाचवते ते ओतकामात. आतला ड्रॅग त्याच जातीचा ठेवते. काटकसर करायचीच तर मला अशी जागा पसंत आहे. ओतीव फ्रेम खडकावर आपटली तर चिरेल, कोरलेली वाकेल. गॅल्व्हस्टनच्या खाडीत खडकच नाहीत. चिखल, गवत आणि कालवांची बेटं.

सीलबंद ड्रॅगला वाईट बाजू आहे, ती तिला आधीच सांगितली. रबरी रिंग फाटली आणि पाणी आत गेलं, तर ते आतच राहतं आणि बाहेरून काही दिसत नाही. उघड्या ड्रॅगमध्ये बिघाड दिसतो आणि घरी सुधारता येतो. सीलबंद रीळ बिघडलं की कंपनीकडे पाठवायचं. ज्याला आठवड्याला रीळ उघडायची आवड आहे त्याने सीलबंदच्या मागे लागू नये.

काट्यावर

दुकानदार भला माणूस. आम्ही स्प्रिंगकाटा घेऊन गेलो तरी त्याने हरकत घेतली नाही. डिजिटल काटा मी मुद्दाम नेला नव्हता. त्यात आकडा उशिरा स्थिरावतो आणि आपल्याला बघायचा असतो तो नेमका पहिला धक्का. काट्याच्या हुकाला लाइन बांधली, रीळ बाकावर धरलं आणि ड्रॅगची कळ फिरवत हळूहळू ओढल्यावर काटा १.८ वर येईल अशी लावली. मग थांबून, पुन्हा थांबलेल्या स्थितीतून ओढायचं. चांगल्या ड्रॅगमध्ये काटा चढतो, १.८ च्या जरा वर जातो आणि तिथेच राहतो. वाईटात उसळून तीनकडे जातो, मग खाली पडतो. बाकावर उघडलेल्या त्या साठ डॉलरच्या रिळावर मी घरी हीच चाचणी घेतली होती आणि काटा उसळला होता. लिक्विडवर तो चढला आणि थांबला.

दुसरी तपासणी फटीची. स्पूल आणि फ्रेम यांच्यामध्ये फट असते, तिच्यात बारीक लीडर शिरून अडकतो आणि मासा पळत असताना तो अडकला तर खेळ संपला. फटीपेक्षा तिचा एकसारखेपणा महत्त्वाचा. स्पूल हळू फिरवायचं आणि उजेडासमोर धरून फट एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद होते का ते बघायचं. तशी होत असेल तर स्पूल आसावर सरळ बसलेलं नाही. फीलर गेज असेल तर उत्तम, नसेल तर डोळा पुरतो. स्पूल अंगठ्याने एका बाजूला दाबून पाहावं, 'टक' असा खेळ हाताला लागता कामा नये.

मोठ्या आर्बरबद्दल, म्हणजे स्पूलच्या मधल्या जाड गाभ्याबद्दल, फार बोललं जातं, म्हणून थोडक्यात. गुंडाळीचा व्यास ९ सेंटिमीटर असेल तर एका फेऱ्यात २८ सेंटिमीटर लाइन येते, ६ असेल तर १९. रेडफिश उलटा आपल्याकडे धावून येतो तेव्हा हा फरक जाणवतो, पण तेव्हा कुठलंही फ्लाय रीळ पुरत नाही. आधी हातानेच लाइन खेचायची. आजकाल या किमतीतली बहुतेक रिळं मोठ्या आर्बरचीच असतात, त्यामुळे हा मुद्दा निवडीत राहिलाच नाही.

रीळ घेतलं. बिल असं: रीळ १४०, लाइन ८९, बॅकिंग १८, लीडर आणि टिपेट २०. बेरीज २६७, त्यावर सव्वाआठ टक्के कर, मिळून २८९ डॉलर.

लाइनवर रिळाच्या खालोखाल खर्च का केला, असं तिने विचारलं. तिच्याकडे ५ नंबरची नदीवरची लाइन होती, तिला वाटत होतं तशीच ८ नंबरची स्वस्तात घ्यावी. थंड पाण्यासाठी बनवलेली लाइन टेक्सासच्या उन्हाळ्यात मऊ, चिकट होते, रॉडच्या कड्यांमधून सरकत नाही आणि कास्ट वीस फूट आखूड पडतो. फार उष्ण समुद्रासाठी बनवलेली कडक लाइन जानेवारीत स्प्रिंगसारखी वळ्या घेते. रेडफिशसाठी मधल्या जातीची लाइन मिळते. ती घेतली. रिळात शंभर डॉलर वाचवून लाइन चुकीची घेतली तर मासा लागायचाच नाही, मग ड्रॅग कुणासाठी?

बांधणी

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि आम्ही रीळ भरलं. किती बॅकिंग मावेल याचा कंपनीचा आकडा असतो, पण खाऱ्या पाण्याच्या लाइनचं डोकं जाड असतं आणि आकडा क्वचितच बरोबर बसतो. खात्रीची रीत उलटी आहे. आधी स्पूलवर फ्लाय लाइन गुंडाळायची, पुढचं टोक सगळ्यात आत ठेवून. वर बॅकिंग घालत जायचं आणि कडेला पाच-सहा मिलिमीटर जागा राहिली की कापायचं. मग दोन्ही उलगडून, फिरवून, बॅकिंग खाली आणि लाइन वर अशी परत भरायची. वेळ जातो. भाचीने बॅकिंगचा गुंडा खोलीभर पसरवला आणि माझ्या बायकोने आम्हा दोघांना स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. पण माप तंतोतंत बसलं: २० पौंडी डेक्रॉनचं बॅकिंग, १५० यार्डांच्या थोडं पुढे. रेडफिशला हे भरपूर. बॅकिंग २० पौंडी आणि टिपेट १६ पौंडी असल्याने काही तुटलंच तर टिपेट तुटेल, सबंध लाइन माशासोबत जाणार नाही.

डेक्रॉन ताणून भरायचं. सैल भरलेल्या बॅकिंगमध्ये माशाच्या ओढीने वरचे वेढे खालच्यात रुततात आणि लाइन जागच्या जागी थांबते. एकाने जुन्या टॉवेलात धरून ओढ द्यायची, दुसऱ्याने फिरवायचं. हँडल तिने डाव्या हाताला ठेवलं, कारण ती कास्ट उजव्या हाताने करते आणि मासा लागल्यावर रॉडचा हात बदलायला तिला आवडत नाही.

परत करायची मुदत होती तोवर एक चाचणी घरी घ्यायला मी तिला सांगितलं. दहा लिटरच्या बादलीत ३५० ग्रॅम मीठ विरघळवून रीळ अर्धा तास बुडवायचं, बाहेर काढून ओल्या स्थितीतच काट्यावर ओढायचं. सील नीट असेल तर कोरड्याचा आकडा आणि ओल्याचा आकडा सारखा येतो. तो आला. मग रीळ गोड्या पाण्याने धुऊन वाळवलं.

धुण्याची रीतही ठरवून दिली, कारण सीलबंद म्हणजे धुवायचं नाही असा अर्थ लोक काढतात. स्पूल काढायचं, दोन्ही भाग नळाच्या संथ धारेखाली फिरवायचे, पायाच्या स्क्रूंवर आणि हँडलच्या मुळाशी जरा जास्त वेळ. गाडी धुतात तसला जोराचा फवारा नको, तो मीठ आतच ढकलतो. टॉवेलवर उघडं ठेवून झोपायला जायचं, उठल्यावर बसवायचं आणि ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवायचा. ओल्या पिशवीत बंद केलेलं रीळ हे सगळ्यात वाईट. सील ड्रॅगचं रक्षण करतं. स्क्रू, पाय, हँडल यांना आपणच सांभाळायचं असतं.

वर्षभराने

दुसऱ्या उन्हाळ्यात तिने रीळ माझ्याकडे आणलं आणि मी पुन्हा काटा लावला. कळ त्याच खुणेवर, काटा तिथेच, उसळी नाही. फ्रेमच्या कडेला कालवांच्या शिंपल्यांचे ओरखडे आहेत, कयाकमधून उतरताना ती रॉड जमिनीवर टेकवते त्याचे. पायाच्या स्क्रूंभोवती पांढरं काही नाही. मी ते सुरुवातीलाच काढून आट्यांना मरीन ग्रीस लावून पुन्हा बसवले होते. नवीन रीळ घेणाऱ्या प्रत्येकाने एवढं करावं, दहा मिनिटांचं काम आहे.

मीठ सापडलं ते बॅकिंगमध्ये. वरचे साठ-सत्तर यार्ड हाताला चरचरीत लागत होते. मासा बॅकिंगपर्यंत फारसा जात नाही, पण ओल्या लाइनमधलं पाणी खाली झिरपतं आणि तिथेच सुकतं, नळाची धार तिथवर पोचत नाही. सबंध बॅकिंग उलगडून कोमट पाण्याच्या बादलीत रात्रभर ठेवलं, वाळवलं, परत ताणून भरलं. हे वर्षातून एकदा पुरे. लाइनच्या पुढच्या पाच-सहा फुटांना शिंपल्यांनी कापलेले चरे होते. तेवढा तुकडा कापून नवा फास केला, पण पुढच्या हंगामाआधी ती लाइन बदलायला लागेल. हा खर्च रीळ कितीही महाग घेतलं असतं तरी झालाच असता.

परवा तिने विचारलं की पोर्ट अरान्ससला टार्पन या मोठ्या, ताकदवान माशासाठी हेच रीळ चालेल का. चालणार नाही. टार्पनला ११-१२ नंबरचा रॉड, कितीतरी जास्त बॅकिंग आणि खरोखरीची ताकद असलेला ड्रॅग लागतो. तिथे पाटीवरचे पौंड वाचायचे आणि त्यांचे पैसेही द्यायचे. तिला सांगितलं, रेसिडेन्सी संपू दे. तोवर याच रिळासाठी एक सुटं स्पूल घे, त्यावर हिवाळ्याची लाइन चढव आणि जानेवारीतही खाडीत जात राहा.